छोट्या देशाला बैठकीतली खुर्ची का लागते?

प्रादेशिक संघटनेत जाऊन छोट्या देशाला काय मिळते, हा विषय निघाला की चर्चा लगेच फौजांवर येते. संकटात कोण धावून येणार, किती सैन्य पाठवणार? गेल्या दीडशे वर्षांत मात्र छोट्या देशांनी झगडून मिळवली ती बैठकीतली खुर्ची.

लक्झेंबर्गकडे आधी नुसती हमी होती. १८६७च्या लंडन करारात युरोपातल्या बड्या सत्तांनी त्याची तटस्थता मान्य केली आणि त्याने आपला भक्कम किल्ला पाडायचा, असे ठरले. हमी ‘सामूहिक’ होती. थोड्याच दिवसांत ब्रिटिश सरकारने तिचा अर्थ लावला : सगळे मिळून बांधील, एकटा कोणीच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घरे बरीच होती. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य आत घुसले, १० मे १९४० रोजी पुन्हा. हमी देणाऱ्यांत प्रशियाही होता, म्हणजे पुढच्या जर्मनीचा गाभाच.

सप्टेंबर १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गच्या परागंदा सरकारांनी लंडनमध्ये बेनेलक्स सीमाशुल्क करार केला. १९४८ मध्ये लक्झेंबर्गने राज्यघटनेतून तटस्थता काढून टाकली आणि पुढच्या वर्षी तो नाटोचा संस्थापक सदस्य झाला. पुढे युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदी या चिमुकल्या देशाचे तिघे बसले : थॉर्न, सांतेर आणि युंकर. कधी जर्मनीचा माणूस फ्रान्सला चालत नाही, कधी फ्रान्सचा जर्मनीला. अशा वेळी लहान असणे हीच पात्रता ठरते.

बाल्टिक देश हे फार उशिरा शिकले. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांनी १९३४ मध्ये आपसात मैत्री करार केला होता, पण त्यात लष्करी बांधिलकी नव्हती. १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने तिघांना एकेकटे गाठले : २८ सप्टेंबरला एस्टोनिया, ५ ऑक्टोबरला लॅटव्हिया, १० ऑक्टोबरला लिथुआनिया. तिघांनीही आपल्या भूमीवर सोव्हिएत तळ मान्य केले आणि जून १९४० मध्ये तिन्ही देश गिळले गेले. २००४ मध्ये ते नाटोत आले तेव्हा हवाई हद्द राखायला त्यांच्याकडे लढाऊ विमाने नव्हती. त्या वर्षापासून इतर सदस्यांची विमाने तिथे पाळीपाळीने गस्त घालतात.

तरी खुर्चीचा खरा उपयोग कोणी करून दाखवला असेल, तर आइसलँडने. या देशाला स्वतःचे लष्करच नाही. ३० मार्च १९४९ रोजी नाटो प्रवेशावर संसदेत मतदान झाले तेव्हा बाहेर दगडफेक झाली आणि पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. सत्तरच्या दशकात मात्र हेच सदस्यत्व कामी आले, तेही नाटोतल्याच ब्रिटनविरुद्ध. वाद कॉड माशांचा होता. आइसलँडची गस्ती जहाजे पाण्यातून एक कापणी-यंत्र ओढत नेत आणि ब्रिटिश मासेमारी जहाजांच्या जाळ्यांचे दोर कापून टाकत. हजारो पौंडांची जाळी समुद्राच्या तळाशी जात. ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या, धडकाधडकी झाली, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. सव्वादोन लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या देशाची ही हिंमत. आइसलँडमधला केफ्लाविकचा तळ सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवायला नाटोला हवा होता, आणि नाटो सोडण्याची भाषा राजधानी रेक्याविकमध्ये उघडपणे होत होती. सरचिटणीस लुन्स यांना मध्यस्थीत उतरावे लागले. जूनमध्ये ब्रिटनने आइसलँडची २०० सागरी मैलांची मासेमारी हद्द प्रत्यक्षात मान्य केली.

आफ्रिकेत गॅम्बियाची गोष्ट वेगळी. तिन्ही बाजूंनी सेनेगल, चौथीकडे समुद्र. १९८१ मध्ये बंड मोडायला सेनेगलचे सैन्य आले आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांचा महासंघ झाला. १९८९ मध्ये तो मोडला. एकट्या शेजाऱ्याच्या मदतीची किंमत गॅम्बियाला तेव्हा कळली. डिसेंबर २०१६ मध्ये निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी खुर्ची सोडायला नकार दिला. या वेळीही सीमेवर मुख्यतः सेनेगलचेच सैनिक जमले, पण ते इकोवास या पश्चिम आफ्रिकी संघटनेच्या नावाने. घटनाबाह्य मार्गाने सत्ता घेणे वा टिकवणे खपवून घ्यायचे नाही, हा नियम संघटनेने २००१ मध्येच लिहून ठेवला होता. १९ जानेवारी २०१७ रोजी निवडून आलेले अदामा बॅरो यांनी शपथ घेतली ती सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गॅम्बियन दूतावासात. दोन दिवसांनी जामेह देश सोडून गेले.

सगळ्याच संघटना अशा उपयोगी पडत नाहीत. आखाती सहकार्य परिषद १९८१ पासून होती, तरी १९९० मध्ये तिचा सदस्य कुवेत इराकच्या हल्ल्यात एक-दोन दिवसांत गेला. २०१७ मध्ये तर परिषदेतल्याच सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांनी कतारची कोंडी केली. ती जानेवारी २०२१ पर्यंत चालली.

आणि खुर्चीचे भाडेही द्यावे लागते. तिमोर-लेस्तेने आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेसाठी २०११ मध्ये अर्ज केला. प्रवेश मिळाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. इतकी वर्षे शंका होती ती सैन्यबळाची नव्हे. आसियानच्या वर्षभरात शेकडो बैठका होतात, कामकाज इंग्रजीत चालते, आणि प्रत्येक बैठकीला विषय जाणणारा अधिकारी पाठवावा लागतो. तेवढी माणसे तिमोर-लेस्तेकडे आहेत का, असे जुने सदस्य विचारत होते.