पिंजौरच्या एचएमटी ट्रॅक्टरची पीछेहाट: पार्श्वभूमी

एचएमटी (हिंदुस्थान मशीन टूल्स) या केंद्र सरकारच्या कंपनीचा हरियाणातील पिंजौर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्याचे खापर बहुधा खासगी कंपन्यांच्या स्पर्धेवर फोडले जाते. परंतु या कारखान्याची कोंडी समजून घ्यायची, तर तो सुरू होण्यापूर्वीच्या एका निर्णयाकडे पाहावे लागते.

साठच्या दशकात ट्रॅक्टरची टंचाई होती आणि पूर्व युरोपातून आयात चालू होती. त्याच सुमारास दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतील अभियंत्यांनी साधारण २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा देशी आराखडा तयार केला. सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यासाठी मात्र हा आराखडा निवडला गेला नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरचे तंत्रज्ञान घेऊन १९७१ च्या सुमारास पिंजौरला उत्पादन सुरू झाले. या निवडीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते: झेटर शेतात पारखलेला होता, शेतकऱ्यांच्या ओळखीचा होता आणि गरज तातडीची होती. बाजूला पडलेला देशी आराखडा पंजाब सरकारच्या उपक्रमाने उचलला, तो आखणाऱ्यांपैकी काही अभियंतेही तिकडे गेले आणि १९७४ मध्ये मोहालीहून ‘स्वराज’ बाजारात आला. यंत्र आखणारे आणि बनवणारे एकाच छताखाली असण्याचा जो लाभ मोहालीला मिळाला, तो केंद्र सरकारने स्वतःच्या कारखान्याला नाकारला, असे माझे स्पष्ट मत आहे. तातडीचे कारण त्या क्षणापुरते खरे होते, पण त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.

उत्पादनाला सरकारी परवाना लागे त्या काळात ही उणीव झाकली गेली, कारण मागणी असे आणि उत्पादक मोजके होते. १९९१ नंतर परवान्याचे बंधन गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परदेशी कंपन्या उतरल्या, त्यांपैकी एकीचा कारखाना पुण्याजवळच उभा राहिला, आणि नवी मॉडेल्स वेगाने येऊ लागली.

ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतला जातो, म्हणून घेणारा सुटे भाग, जवळचा विक्रेता आणि पुढे जुन्या ट्रॅक्टरला मिळणारी किंमत यांचा विचार आधी करतो. पिंजौरला खेळते भांडवल आटले, तसे पुरवठादारांचे पैसे थकले. सुटे भाग वेळेवर न आल्याने उत्पादन घटले, आणि माल नसलेल्या विक्रेत्याने दुसऱ्या कंपनीचा फलक लावणे स्वाभाविकच होते. खासगी कंपनी अशा वेळी भांडवल उभारते किंवा भागीदार शोधते. सार्वजनिक उपक्रमाला मात्र मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि पेरणीचा हंगाम तोवर निघून जातो.

स्वराज बनवणारी कंपनी २००७ मध्ये मुंबईच्या महिंद्राने घेतली आणि ते नाव बाजारात टिकले. पिंजौरच्या कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले होते. बंदच्या निर्णयात त्यांना २००७ ची वेतनश्रेणी कागदोपत्री लागू मानून तिच्यावर आधारित स्वेच्छानिवृत्ती देऊ करण्यात आली.