हिरडीतला घरभेदी

अमळनेरच्या आमच्या जिभाऊंनी परवा व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाचून दाखवला: हिरड्यांच्या रोगावर लस निघाली, हार्ट अटॅक बंद! "आते काय काळजी नही," म्हणाले आणि चिमूटभर मशेरी बोटावर घेऊन दात घासायला बसले. चूळ थुंकली ती गुलाबी.

तो गुलाबी रंग ज्यांच्यामुळे येतो, त्यांतला एक पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. दात-हिरडीच्या फटीत, हवा पोचत नाही तिथे राहणारा हा जिवाणू. साखरेत त्याला रस नाही, त्याचा खुराक प्रथिनं आणि रक्तातलं लोह. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या बशीत त्याच्या वसाहती काळ्याकुट्ट दिसतात, त्या याच लोहामुळे. पण हा खुराक मिळायला हिरडी सुजून पाझरत राहिली पाहिजे. त्यासाठी तो जिंजिपेन नावाची विकरं सोडतो. ती प्रथिनांची माळ आर्जिनिन आणि लायसिन या दोनच अमिनो आम्लांच्या मण्यांपाशी कातरतात. आपल्या रक्तातलं सी-५ प्रथिन कातरलं की सी-५-ए हा तुकडा सुटतो. पांढऱ्या पेशींसाठी ती 'धावा' अशी हाक असते. म्हणजे चोरच पोलिसांना बोलावतो! पेशी आल्या की तो त्यांचे दोन ग्राही, म्हणजे पेशीवरचे हाक ऐकणारे कान, एकदम चाळवतो: एक सी-५-ए चा, दुसरा जंतू ओळखणारा टीएलआर-२. मग जंतू मारायची यंत्रणा थंडावते, सूज आणणारी चालूच राहते. चूल दुसऱ्याची, भाकरी याची. स्वतः मूठभर असला तरी फटीतल्या बाकीच्या जातींचीही पंगत बसते.

रोग बळावला की सुजलेला पृष्ठभाग ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो. चावताना, घासताना तिथून जिवाणू रक्तात शिरतात. धमन्यांतल्या चरबीच्या थरांत याचा डीएनए सापडलाय. तेवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही. तंबाखू आणि मधुमेह हे दोघे हिरडीपाशीही असतात आणि हृदयापाशीही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली हेच म्हटलं: तंबाखू वगैरे वजा करूनही संबंध उरतो, पण हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयरोग टळतो याला पुरावा नाही. २००७ मध्ये १२० रुग्णांवर झालेला प्रयोग मला आवडतो. हिरड्या कसून साफ केल्यावर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांची लवचीकता बिघडली, सहा महिन्यांनी मात्र ती सुधारलेली दिसली.

आठवडे बाजारात नळी लावून दाढेतला 'किडा' काढून दाखवणारे असतात. किडा त्यांच्याच नळीतला. व्हॉट्सॲपवरची लस अगदीच तशी नाही, तिच्यामागे खरे प्रयोग आहेत. २००४ साली अमेरिकेत मेलेल्या जिवाणूंची लस टोचल्यावर याच संसर्गाने धमन्यांचा रोग वाढायचा थांबला. मेलबर्नच्या चमूने तर जिंजिपेनवरच नेम धरला आणि हिरडीखालच्या हाडाची झीज रोखली. दोन्ही ठिकाणी टोचून घेणारे उंदीर होते. माणसांसाठी अशी लस अजून दवाखान्यात आलेली नाही.

जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, मशेरीची डबी बंद केली.

"म्हंजे फायदा उंदरेसले!"