अंटार्क्टिकातली कोरडी खोरी

अंटार्क्टिकाचा सुमारे ९८ टक्के भूभाग बर्फाखाली आहे आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. तरीही याच खंडावर, रॉस समुद्रालगत, साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश उघडा, तपकिरी आणि खडकाळ आहे. ही मॅकमर्डोची कोरडी खोरी. १९०३ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीने ती पहिल्यांदा पाहिली. माझ्या मते अंटार्क्टिका समजून घ्यायची सुरुवात इथूनच करावी.

थंडी इतकी, मग बर्फ का नाही? खंडाच्या आतल्या उंच, बर्फाळ पठारावरून सरकत येणाऱ्या बर्फाला ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग अडवते. वरून हिम पडतं तेही थोडंच, आणि वारा ते टिकू देत नाही. पठारावरची गार, जड हवा उतारावरून खाली कोसळते, खाली येताना दाबली जाऊन तापते आणि आणखी कोरडी होते. या हवेत हिमाचं पाणी न होता थेट वाफ होते. वाऱ्यासोबत उडणाऱ्या वाळूने घासून खडकांना गुळगुळीत पैलू पडले आहेत. वाट चुकून आत आलेल्या सीलची वाळलेली शरीरं शेकडो वर्षं न कुजता पडून आहेत.

इथल्या पाण्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. ऑनिक्स ही अंटार्क्टिकाची सर्वांत लांब नदी. लांबी जेमतेम ३० किलोमीटर, वाहते फक्त उन्हाळ्यात, तीही समुद्राकडे पाठ करून खंडाच्या आत, व्हांडा सरोवराकडे. या सरोवरावर तीन-चार मीटर जाडीचा बर्फ असतो. तळाशी मात्र पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर! नितळ बर्फातून ऊन आत झिरपतं. तळचं पाणी अतिशय खारट, म्हणून जड. तापलं तरी ते वर येत नाही, त्यामुळे उष्णता तिथेच कोंडून राहते. साध्या पाण्याच्या तळ्यात असं घडलं नसतं.

जवळच्याच डॉन हुआन तळ्यात कॅल्शियम क्लोराइड इतकं विरघळलेलं आहे, की उणे ५० अंशांनाही ते गोठत नाही. मंगळावर द्रवरूप पाणी कोणत्या परिस्थितीत टिकू शकेल, हे तपासताना संशोधक या उथळ डबक्याचा बारकाईने अभ्यास करतात.