पेनांगची खाऊ-सहल : हॉटेलात नाश्ता का धरलेला नाही?

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या आमच्या शनिवार-रविवारच्या सहलीचं बुकिंग झालं की पहिला फोन बहुधा याचसाठी येतो. "खोलीच्या भाड्यात नाश्ता दिसत नाही, लिहायचा राहिला का?" राहिलेला नाही, आम्ही तो मुद्दाम काढला आहे. कारण फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

पेनांगचं मुख्य शहर जॉर्ज टाउन. तिथे कधी काय खायचं हे स्टॉलवाले ठरवतात. एक माणूस बहुतेक एकच पदार्थ करतो आणि त्या दिवसापुरतं केलेलं संपलं की आवरून घरी जातो. होक्कियन मी, म्हणजे कोळंबीच्या रश्शातल्या शेवया, घ्या. कोळंबीची डोकी आणि सालं परतून, तासन्तास उकळून तिचा रस्सा होतो. ते पातेलं रिकामं झालं की नवीन चढत नाही. केळीच्या पानात बांधलेला नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, वर तिखट संबल आणि बारीक सुकी मासळी, हे मुळात सकाळचं खाणं. तव्यावरून उतरलेली, पराठ्यासारखी रोती चनाई डाळीत बुडवून खावी तीही सकाळीच. मलेशियाच्या या न्याहारीच्या संस्कृतीला युनेस्कोने २०२४ साली आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ती सोडून हॉटेलातले टोस्ट आणि कॉर्नफ्लेक्स खायला इतक्या लांब कशाला यायचं?

तरीही काही मंडळी "पैसे आमचे आम्ही देतो" म्हणून खालच्या बुफेत बसतात. सहलीचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. साडेसातला लॉबीत जमायचं ठरलेलं असतं, निघायला नऊ वाजतात. तोवर स्थानिक कुटुंबं सुट्टीच्या दिवशी बाहेर पडलेली असतात, कोपितियाममध्ये, म्हणजे स्टॉल असलेल्या कॉफीच्या दुकानात, टेबल मिळत नाही, रांग उन्हात येते आणि पुढचा एक थांबा गाळावा लागतो. ज्यांनी उपाशीपोटी वाट पाहिली त्यांच्यावर हा अन्याय आहे. शिवाय बुफे खाऊन आलेला माणूस अकराला 'चार क्वे तेओ' या परतलेल्या शेवयांच्या प्लेटीसमोर नुसता बसून राहतो.

आणि हा पदार्थ बसून बघण्याचा नाही. कढईखाली भडकलेली आच, त्यात लसूण, तांदळाच्या चपट्या शेवया, सोया सॉस, मिरचीचं वाटण. शेवया बाजूला सारून अंडं फोडायचं, मग कोळंबी, मोड, तिसऱ्यांसारखे शिंपले, शेवटी लसणीची पात. चांगला कारागीर एका वेळी एखाद-दोन प्लेटच करतो, म्हणून त्या जळक्या धुराची चव शेवयांना लागते. दहा प्लेटा एकदम मागितल्या तर तो घाई करणार नाही, आपल्यालाच ताटकळावं लागेल. म्हणून आम्ही दोघांत एक प्लेट मागवतो. ते काटकसरीसाठी नाही. न धरलेल्या नाश्त्याचे पैसे याच स्टॉलवर खर्च होतात, आणि दिवसभरात चाखायला चार पदार्थ जास्त मिळतात. पारंपरिक चार क्वे तेओ डुकराच्या चरबीत करतात. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी बिनचरबीचे स्टॉल आहेत, फक्त आधी सांगा.

कोपितियाममध्ये बसल्यावर पेय दुकानदाराकडूनच घ्यायचं असतं. स्टॉल वेगवेगळ्या लोकांचे, टेबलं आणि कॉफी मालकाची. घरून आणलेली बाटली तिथे काढू नका. कॉफीत कंडेन्स्ड मिल्क असतं. कमी गोड हवी तर "कुरांग मानिस" म्हणा.

दुपारचा आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या शेवया, कोकणातल्या पाहुण्यांना फार लवकर आवडतो. तिथला कंबोंग मासा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला. तो शिजवून, कुस्करून रस्सा करतात. आंबटपणाला चिंच आणि कोकमाच्या जातकुळीतल्या एका फळाच्या सुकवलेल्या चकत्या. वर काकडी, अननस, पुदिना आणि कोळंबीची काळी, दाट पेस्ट. पेस्टचा वास उग्र वाटला तर चमच्यातच ठेवा, थोडी थोडी मिसळा. त्यानंतर चेंडोल, म्हणजे नारळाचं दूध, गूळ आणि बर्फ घातलेल्या हिरव्या शेवया. संध्याकाळी नासी कांदार, म्हणजे भात आणि वेगवेगळे रस्से. रस्से एकमेकांत मिसळून घालायला सांगायचं, तीच तिथली रीत.

शाकाहारी मंडळींनी स्टॉलवर पोचून "व्हेज आहे का?" विचारू नये. मांस नाही म्हणजे शाकाहारी, असंच उत्तर मिळण्याची शक्यता असते, आणि भाजीतसुद्धा बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचं वाटण, असू शकतं. बुकिंगच्या वेळीच सांगा, अंडं, कांदा, लसूण चालतं की नाही तेही. लिटल इंडियातली दाक्षिणात्य खानावळ आणि बौद्ध चिनी शाकाहारी भोजनालयं धरून आम्ही वेगळा रस्ता आखतो, त्याचे जादा पैसे घेत नाही.

क्वालालंपूर सेंट्रलहून शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेने निघतो. बटरवर्थपर्यंत साधारण चार तास लागतात. पुढे फेरीबोट, फार उशीर झाला तर पुलावरून गाडी. रात्री पोचल्यावर जड जेवू नका.

मधुमेह असेल, सकाळची गोळी खाण्यासोबत घ्यावी लागत असेल किंवा बरोबर लहान मूल असेल, तर आदल्या संध्याकाळी आमच्या माणसाला सांगा. सकाळी साडेसहाला काया (नारळ-अंड्याचा गोड जॅम) लावलेला टोस्ट आणि केळी खोलीवर येतील. त्याचं वेगळं बिल नाही.