सर्ट१ आणि संगणकीय चाळणी: पार्श्वभूमी
वार्धक्याशी जोडल्या गेलेल्या सर्ट१ या विकराला चिकटतील असे छोटे रेणू आज आधी संगणकावर चाळले जातात आणि मगच प्रयोगशाळेत तपासले जातात. या विकराकडे लक्ष गेले ते यीस्टमुळे. पेशीत सर२ या जनुकाची एक जादा प्रत घातली, तर यीस्टचे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढते, असे लिओनार्ड ग्वारेन्टे यांच्या प्रयोगशाळेने १९९९ साली दाखवले. या जनुकाचे प्रथिन एनएडी हा पेशीतला मदतनीस रेणू खर्ची घालून हिस्टोनवरचा (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावरचा) अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट काढते, हेही पुढच्याच वर्षी उलगडले. माणसात या कुळातील सात प्रथिने आहेत आणि सर्ट१ हे त्यांतले सर२ च्या सर्वांत जवळचे.

चाळणीचे तंत्र त्याहून जुने आहे. प्रथिनाच्या खाचेत रेणू केवळ आकाराने बसतो का, हे पाहणारी पद्धत सॅन फ्रान्सिस्कोत अर्विन कुंट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली. तिलाच पुढे डॉकिंग म्हणू लागले. २००१ मध्ये याच कुळातल्या सर्ट२ ची स्फटिकरचना, म्हणजे त्यातील अणूंची त्रिमितीय मांडणी, हाती आल्यावर फिनलंडमधील कुओपिओच्या गटाने २००४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने त्याचे अवरोधक, म्हणजे त्याचे काम रोखणारे रेणू, शोधले. अवरोधकाचे काम तुलनेने सोपे, कारण जी खाच बुजवायची ती रचनेत समोर दिसते. विकराचा वेग वाढवणारा रेणू मात्र नेमका कुठे बसवायचा?

या प्रश्नाचा गुंता एका चाचणीने वाढवला. २००३ मध्ये द्राक्षांत आढळणारे रेस्व्हेरेट्रॉल सर्ट१ ला चालना देते असा निष्कर्ष आला, तो चमकणारी खूण जोडलेल्या छोट्या पेप्टाइडवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळीवर, बेतलेला होता: विकराने अ‍ॅसिटिल गट काढला की दुसरे विकर ती खूण तोडते, आणि प्रकाश मोजला जातो. खूण काढून टाकली की चालनाही दिसेनाशी होते, हे २००५ मध्ये दोन गटांनी दाखवले. तरीही २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषधकंपनीने अशाच सक्रियकांवर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली. तो उत्साह, माझ्या मते, पुराव्याच्या बराच पुढे धावत होता. २०१० मध्ये फायझरच्या संशोधकांनी सर्ट्रिसच्या रेणूंवरही तोच आक्षेप घेतला.

सगळाच भास होता असेही नाही. सर्ट१ मधील २३० व्या स्थानावरचे ग्लुटामेट हे अमिनो आम्ल बदलले की चालना मंदावते, आणि खुणेऐवजी ट्रिप्टोफॅनसारखे जलद्वेषी अमिनो आम्ल योग्य जागी असले तरी ती मिळते, हे २०१३ मध्ये दिसले. २०१५ च्या स्फटिकरचनेत तर रेस्व्हेरेट्रॉलचे तीन रेणू आढळले. त्यांतले दोन पेप्टाइडवरची खूण आणि विकराचा एन-टोकाकडील (साखळीच्या सुरुवातीकडील) भाग यांना सांधत होते. त्यामुळे सक्रियक शोधणाऱ्याला आता डॉकिंगची चौकट उत्प्रेरक खाचेऐवजी (जिथे विक्रिया घडते) या भागावर मांडता येते. मात्र तिथे कोणते पेप्टाइड गृहीत धरायचे, हे चाळणी सुरू करण्याआधी त्यालाच ठरवावे लागते.