हंगामाची अखेर आणि पाहुण्याची पट्टी

ऑर्केस्ट्राच्या हंगामातल्या शेवटच्या मैफलीला पाहुणी गायिका का बोलावतात? तिकिटं खपावीत म्हणून, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. खूप आधी, 1781 साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात वर्गणीदारांच्या मैफली सुरू झाल्या, तेव्हा गाणं हे वादनाच्या जोडीनेच यायचं. सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, आणि ऑपेरातली पदं एकाच संध्याकाळी ऐकायची लोकांना सवय होती.

7 मे 1824 रोजी व्हिएन्नात संगीतकार बेथोवनने गायकांना थेट सिम्फनीतच आणलं. नवव्या सिम्फनीत शेवटच्या भागापर्यंत चारही एकलगायकांना काहीच काम नसतं. मग आवाज उठतो आणि सगळा मोहरा बदलतो. त्या दिवशी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, हेन्रिएट झोनटाग अवघी 18 वर्षांची होती. बहिरेपणामुळे बेथोवनला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. दुसरी एकलगायिका कॅरोलिन उंगर हिने त्याला प्रेक्षकांकडे वळवलं, असं सांगतात. शेवट गळ्यानेच व्हावा, ही ओढ मला तिथूनच आलेली वाटते.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती लंडनची गोष्ट. 10 ऑगस्ट 1895 ला क्वीन्स हॉलमध्ये प्रॉम्स, म्हणजे स्वस्त तिकिटांच्या मैफलींचा हंगाम, सुरू झाले, उभ्याने ऐकायचं तर एक शिलिंग. पैसे घातले डॉ. जॉर्ज कॅथकार्ट यांनी, आणि ते होते घशाचे डॉक्टर. इंग्लंडमधल्या ऑर्केस्ट्रांची पट्टी तेव्हा फार चढी, 'ला', म्हणजे ज्या स्वराला सगळी वाद्यं मिळवतात तो, 452 हर्ट्झच्या आसपास. त्या पट्टीत गाऊन गळे बिघडतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून अट घातली: पट्टी उतरवा, आणि कंडक्टर हेन्री वुडच हवा. तंतुवाद्यांची तार सैल करता येते. क्लॅरिनेटची लाकडी नळी कशी लांबवणार? कॅथकार्टांनी नवी फुंकवाद्यं स्वखर्चाने मागवली. गायकांच्या गळ्यासाठी अख्ख्या ऑर्केस्ट्राने आपला 'ला' खाली आणला!

1905 मध्ये वुडने ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईच्या शताब्दीसाठी दर्यागीतांची मालिका बांधली. ती प्रॉम्सच्या शेवटच्या रात्रीची ओळख बनली, आणि तिच्यातलं 'रूल, ब्रिटानिया' हे देशभक्तिगीत पुढे पाहुण्या गायकाच्या वाट्याला आलं.

आजही मैफलीआधी ओबो हे फुंकवाद्य वाजवणारा तोच 'ला' लांबवतो, आणि बाकीचे त्याला मिळवून घेतात. पडद्यामागे उभी असलेली गायिका तो कान देऊन ऐकत असते.