कोपराचा एक एक्स-रे

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माणसाची सुटका केली. पुण्यात १९९४ साली सात जणांची हत्या झाली होती, त्या खटल्यात त्याला फाशी झाली होती. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून न्यायालयाने मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा होतं. खटल्याच्या कागदांवर मात्र ते विशीच्या आसपास लागलं होतं. सातवीच्या वयाचा मुलगा मोठ्या कैद्यांमध्ये लहानाचा मोठा झाला, फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन.

गुन्हा भीषण होता, हे कुणी विसरू नये. पण वय ही मोजायची गोष्ट आहे. मिसरूड फुटली, आवाज फुटला, अंगाने थोराड दिसला, की "हा कसला लहान!" म्हणून आपण मोकळे होतो. आपलं शरीर वयाची नोंद ठेवतं ती हाडांच्या टोकांशी.

वाढत्या वयात लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. टोकाकडच्या पेशी विभागतात, त्यांच्या खालच्या फुगतात, त्याहून खालच्या मरतात आणि त्यांच्या जागी हाड बसतं. एक्स-रेमध्ये ही चकती हाडाच्या दोन तुकड्यांमधल्या काळ्या फटीसारखी दिसते. वयात आल्यावर इस्ट्रोजेन हे, बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक या पेशींची विभागण्याची ताकद संपवत आणतं आणि फट बुजते. मुलग्यांमध्येही हे काम इस्ट्रोजेनच करतं! इस्ट्रोजेनला प्रतिसादच न देणाऱ्या एका पुरुषाची नोंद, योगायोगाने १९९४ सालीच, प्रसिद्ध झाली. अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याच्या चकत्या उघड्या होत्या आणि उंची वाढतच होती. (चकत्या बुजल्यावर उंची वाढवणारी पावडर विकणारा माणूस तुम्हाला सरळ फसवतो आहे.)

या फटी ठरावीक क्रमाने बुजतात. मुलग्यांमध्ये कोपर साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान, मनगट सतरा ते एकोणीसच्या सुमारास, मग कमरेच्या हाडाची कड, आणि कॉलरबोनचं छातीकडचं टोक विशी ओलांडल्यावर. म्हणून डॉक्टर एकाच हाडावर विसंबत नाहीत. तरीही उत्तर नेमकं येत नाही. कुपोषणाने हाडं मागे राहतात, लवकर वयात आलेल्या मुलांची पुढे धावतात. शिवाय जगभर वापरला जाणारा हाता-मनगटाच्या नमुना एक्स-रेंचा जुना संग्रह अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सुखवस्तू घरातल्या मुलांवरून बनलेला आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलं होतं, की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते. सोळा-सतराच्या मुलासाठी ही दोन वर्षं म्हणजे बालसुधारगृह की तुरुंग एवढा फरक. म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, तीही पंधरा दिवसांत, असा क्रम आहे. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

पुण्याच्या येरवडा तुरुंगात सुमारे अडीच हजारांच्या जागेत सहा हजारांहून जास्त कैदी राहिले आहेत. अशा गर्दीत चुकीच्या वयाने आत आलेलं पोर वेगळं कुणाच्या नजरेला पडणार? आणि वेळ गेल्यावर हाडंही मदत करत नाहीत. सगळ्या फटी बुजल्या की एक्स-रे एवढंच सांगतो, की माणूस अमुक वयाच्या वर आहे. मागे जाऊन १९९४ मध्ये तो किती वर्षांचा होता, हे तो सांगू शकत नाही. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला शाळेच्या रजिस्टरनेच वाचवलं.

पण १९९४ मध्ये, अटकेच्या त्या दिवसांत, त्याची हाडं बोलू शकत होती. दोन वर्षांची चूक धरली तरी साडेबाराचा मुलगा साडेचौदाच्या पुढे जात नाही. कोपरातल्या फटी उघड्या दिसल्या असत्या आणि विशीतल्या माणसात त्या नसतात.